माझ्या पायांवर ठेवलेला केक

मी बोलतेय. पायाने चालवायची शिलाई मशीन, अंगाने काळी, पाठीवरची सोनेरी नक्षी निम्मी पुसलेली. आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. गोड गोड मनोगत ऐकायचं असेल तर घड्याळाकडे जा, नाहीतर छत्रीकडे. त्यांना सवय आहे.

माझं डोकं एका कारखान्यात ओतलं गेलं आणि लोखंडी पाय दुसऱ्यात. एका दुकानात आमची गाठ पडली. तिथून बाईने मला घरी आणलं, स्वतःच्या कमाईतून. तेव्हा ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. घरी आल्यावर तिने आधी माझ्या सांध्यांत तेल सोडलं आणि मग स्वतः पाणी प्यायली. इतकं माझं कोणी केलं नव्हतं. तेव्हापासून मी तिची.

शेजाऱ्यांचे पडदे, नर्सबाईंचे गणवेश, कोपऱ्यावरच्या शाळेच्या बँडचे लाल कोट, सगळं आम्ही दोघींनी शिवलं. मुलगी माझ्या पायपट्टीशेजारी बसून अक्षरं गिरवायला शिकली. ठकठक थांबली की ती मान वर करून विचारायची, "आई, दोरा तुटला?"

बाईचा नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा. घरात त्यांना साहेब म्हणत, ऑफिसात कोणी म्हणत नसे. माणूस वाईट नाही. पण साठी जवळ आली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणे, आयुष्यात जे जे राहून गेलं ते साठीच्या आत करून बघायचं.

आधी मासे आणले. काचेची टाकी ठेवली कुठे? माझ्या फळीवर. मासे गेले, टाकी झिरपली, आणि माझ्या बिजागरीला गंज चढला. मग मातीकाम आलं. ओल्या मातीचे गोळे माझ्या खणात, बॉबिनांच्या मांडीला मांडी लावून. मग कॅमेरा, मग जलरंग, मग कमरेत वळून करायचा कसलासा नाच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे पाचव्या दिवशीच सामान माझ्या अंगावर यायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. चिंध्यांतलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

नवीन शिकण्यावर माझा राग नाही. शिका की. राग याचा, की साहेबांच्या हौसेला जागा लागायची आणि ती जागा दर वेळी बाईचीच निघायची. बँडचे कोट पलंगावर गेले, पलंगावरून ट्रंकेत. बाई "असू दे" म्हणायची. तो शब्द ऐकला की माझी सुई वाकडी व्हायची.

मग बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी ती मुलीकडे गेली. साहेबांनी तेवढ्यात सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं. तिथे कोणीतरी सांगितलं, जुन्या मशीनच्या पायांवर काच टाकली की झकास टेबल होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओरडले असते, पण पायपट्टी हलवल्याशिवाय मला आवाज नाही. त्यांनी पट्टा काढला, चारही स्क्रू काढले, फळीसकट माझं डोकं उचललं आणि बाल्कनीत जुन्या चादरीखाली ठेवलं. पायांना हिरवा रंग दिला. हिरवा! शेजाऱ्यांना म्हणाले, "तिचं शिवणं आता संपलंच की. डोळ्यांचं झालं ना." तिला कोणी विचारलं नव्हतं.

बाई परत आली तेव्हा साहेब दारातच म्हणाले, "बघ, माझं पहिलं पूर्ण झालेलं काम."

ती हिरव्या पायांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "छान झालंय."

खरं सांगते, त्या दिवशी माझा साहेबांपेक्षा तिच्यावर जास्त राग होता. अगं, छान काय झालंय?

साठाव्या वाढदिवसाला घर भरलं. केक माझ्या पायांवर. माझं डोकं बाल्कनीत, दार उघडं, चादर सरकलेली, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून साहेबांनी नाच दाखवायला घेतला, नव्या तंग पँटमध्ये. एका वळणावर ते खाली वाकले आणि पँट मागून फर्रकन उसवली.

ते भिंतीला पाठ लावून बाईजवळ सरकले. "अगं, आत चल. चार टाके घाल पटकन."

"घालते की. मशीनवर घालते. केक उचला."

"आत्ता? हातानेच घाल ना."

"तिथली शिवण हाताच्या टाक्याने टिकत नाही. आणि डॉक्टरांनी कालच सांगितलंय, शिवायला हरकत नाही. शाळेच्या बँडमास्तरांना मी नव्या कोटांसाठी हो म्हणून आले. उद्यापासून मला मशीन लागेल. आजच बसवू."

"अगं, लोक बघतायत."

"ते मघापासूनच बघतायत."

केक फ्रिजवर गेला, काच भिंतीला टेकली. जावई आणि मेहुण्यांनी मला आत आणलं. स्क्रू मातीकामाच्या वाटीत सापडले, पण तीनच. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय. साहेब कमरेला टॉवेल गुंडाळून पट्टा चढवत होते आणि बाई उभ्याने सांगत होती, "उलटा धरलाय."

मग ती बसली. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. ती क्षणभर थांबली, नव्या डोळ्यांनी सुईच्या भोकाकडे बघत. पाय दाबला. कितीतरी दिवसांनी मला आवाज आला. सगळ्या घरासमोर तिने साहेबांची पँट शिवली आणि दुहेरी टीप मारून त्यांच्या हातात दिली.

मुलीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात तुझीही साठी. तुला काय करून बघायचंय?"

"करून बघायचं काही नाही," बाई म्हणाली. "मला जे येतं, ते करू द्या."

आता मी खिडकीपाशी माझ्या जागेवर आहे. पाय अजून हिरवे आहेत, तो राग जायचा नाही. माझं मागणं एकच: ज्याने माझा चौथा स्क्रू हरवला, त्याने तो शोधून आणावा. साहेब सध्या बासरी शिकतायत. बासरी त्यांच्या स्वतःच्या उशाशी असते, हे मात्र कबूल करते. पण स्क्रू मिळेपर्यंत मी टाक्याटाक्याला खडखडणार.

काल त्यांनी आतून विचारलं, "अगं, हा आवाज कसला?"

बाईने पाय थांबवला नाही. म्हणाली, "बोलतेय ती. ऐका."