बाराच्या आतले मांडे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी निर्मलाबाईच्या मोबाइलवर मांड्यांच्या ऑर्डरींचे फोन येत राहिले आणि चुडामण सगळ्यांना हो म्हणत राहिला. बायको थंडीत वारली होती, तिचा नंबर चालू होता. मागच्या वर्षी दिले तेवढेच मांडे यंदा द्यायचे, त्यात काय? नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगून सांगून तो कंटाळला होता.

आखाजीला घरोघरी निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास टाकतात. ती आगारी. ती पडल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि ती पडायची बाराच्या आत. गावातले सगळे मेलेले एकाच वेळी जेवायला बसतात. एकही म्हणत नाही, माझं संध्याकाळी आणा.

चुडामणने बायकोच्या जुन्या जोडीदारणी अंगणात बसवल्या. प्रतिभा कणकेवर, धनुबाई पुरणावर, रंजनाबाई खापरावर. वाटणी सारखी झाली म्हणून तो खुशीत होता. उन्हं वर आली तेव्हा पुरणाचा डोंगर झाला होता, धनुबाई आणि प्रतिभा माश्या हाकत होत्या, आणि हातांवर मांडा झेलून तापल्या खापरावर टाकणारी रंजनाबाई मिरचीसारखी लाल झाली होती.

"बाई, हात चालाव जरा," चुडामण म्हणाला.

"जिभाऊ, मले आठ हात ऱ्हातात तं मी देव्हारामा बठती. तुमना चुल्हापुढे कसाले मरती?"

त्याने प्रतिभाला दुसऱ्या खापरावर बसवलं. तिचा पहिला मांडा चुलीत गेला, दुसरा कुत्र्याने नेला.

"गये साल तं इतलाच मांडा व्हतात," चुडामण कुरकुरला.

"गये साल खापरवर दोन जनी व्हत्यात," धनुबाई म्हणाली. "एकले तुम्हीच पोचाडी उनात ना?"

चुडामणने ऑर्डरी मोजल्या होत्या, पुरण मोजलं होतं. निर्मलाचे दोन हात मोजायचे राहिले होते.

तेवढ्यात नवनीत पाटील डबा घेऊन दारात. "काका, मांडा द्या. बाप खोळंबी ऱ्हायना."

"तुन्हा बाप जित्ता व्हता तवय कधी टाइमवर जेवना का?"

"नही."

"त्याले आगारीले एक मांडा पुरस ना?"

"एक तं गह्यरा."

"मंग हाऊ एक ले. तुम्ही जित्ता शेतस, तुम्हले काय घाई? बाकीना सांजले."

नवनीत हसत गेला. मग चुडामणने प्रत्येक घराला एकेकच मांडा धाडला. मेलेले वेळेवर जेवले, जिवंतांनी शिव्या घातल्या आणि वरणभातावर भागवलं.

बाराला थोडं कमी असताना रंजनाबाईने हात खाली टाकले. ते वर उचलेनात. आणि चुडामणच्या घरची आगारी राहिलीच होती.

"पहिला तुमनाच काढती ना मी!" रंजनाबाई ओरडली. "बोलनात का बरं नही?"

चुडामणने बाह्या वर केल्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलायला लागला. मांडा एकीकडे लोंबला, मधे फाटला, पुरण कोपरापर्यंत आलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याने तो तसाच खापरावर आदळला, कच्चापक्का उचलला आणि तुकडा तोडून निखाऱ्यावर टाकला. धूर वर गेला.

"निर्मला वरतून शिव्या दी ऱ्हायनी व्हई," धनुबाई म्हणाली.

"दिऊ दे," चुडामण म्हणाला. "गह्यरा दिन व्हई ग्यात, आयक्या नहीत."