जूनमध्ये ठोकलेलं बाक

मास्टर सोरेलनी डोळे मिटले, पडद्यावरच्या फोटोवरून तळहात फिरवला आणि आपापल्या घरी संगणकासमोर बसलेल्या शंभर-दीडशे हौशी छायाचित्रकारांनी श्वास रोखला.

"पहाट," मास्टर पुटपुटले. "ऑक्टोबरचा शेवट. ग्रेगरी, तू पाण्याजवळ होतास. एकटा."

"होतो! अगदी तसंच होतं!" ग्रेगरीला हुंदकाच फुटला. फोटोत काय होतं? एक गंजकी साखळी. ना पाणी, ना पहाट. झालं! पडद्यावर लाल बदामांचा सडा पडला.

कॅनडातल्या थंडर बे गावात, थोरल्या भावाच्या, रेइनोच्या, स्वयंपाकघरात बसून मार्या निस्कानेन हा तमाशा बघत होती. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई ती, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितलंस?" रेइनो म्हणाला. "नुसत्या हाताने तारीख सांगतो माणूस!"

"तारीख कॅलेंडरही सांगतं, रेइनो. त्याला कोणी मास्टर म्हणत नाही."

रेइनोची बायको हेल्मी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो रोज कॅमेरा घेऊन सरोवराच्या धक्क्यावर जायचा आणि एखादा फोटो 'उत्तर किनारा' या इंटरनेटवरच्या गटात टाकायचा. खाली लिहायचा, 'कसा आलाय? चुकलं असेल तर सांगा.' उत्तरं यायची, 'वा!', 'क्या बात है!', नाहीतर नुसता अंगठा. नीट बघून दोन शब्द सांगावेत, एवढी सवड एकालाही नव्हती. मग हे मास्टर उगवले. रेइनोच्या एका फोटोवर चांगली दहा मिनिटं बोलले. दिवस सांगितला, वेळ सांगितली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "याच्या आदल्याच आठवड्यात तुझी बायको गेली." रेइनो विरघळला. कोण नाही विरघळणार?

पण मास्टर तिथे थांबले नाहीत. "हेल्मी या चित्रांत अडकून पडलीय," म्हणाले. "सगळी पुसून टाक. तिची जुनीसुद्धा. रविवारी, सर्वांसमोर. म्हणजे तिची वाट मोकळी होईल."

आणि रेइनो तयार झाला! हेल्मीबरोबरच्या वीस वर्षांचे फोटो त्या एका संगणकात होते. त्याने ते एका जागी गोळासुद्धा करून ठेवले होते, पुसायला सोपे जावेत म्हणून. मार्याने समजावलं, रागावली, रडली. तो आपला एकच धरून बसलेला, "मग त्याला कळलं कसं, सांग ना!"

कळलं कसं, हे शोधायला मार्याने मास्टरांचे नियम वाचले. फोटो आदल्या दिवशी पाठवायचा. कॅमेऱ्यातून निघाला तसाच. काटछाट केली की लहरी तुटतात.

"लहरी कसल्या डोंबलाच्या!" मार्या उठलीच. तिने कपाटातून स्वतःचा जुना कॅमेरा काढला. बरीच वर्षं बॅटरीवाचून पडलेला. बॅटरी घातली, तारीख-वेळ काही लावली नाही. रेइनोच्या परसातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात गेली, बाकावरच्या बादलीचा आणि पळीचा जवळून एक फोटो काढला आणि तसाच पाठवून दिला. रेइनोला यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी पहिला नंबर तिचाच लागला. पडद्यावर बादली आणि पळी आली. मास्टरांनी हात फिरवला.

"मध्यरात्र," ते कण्हले. "नव्या वर्षाचा पहिला क्षण. बारा वर्षं झाली याला. बाहेर जग जल्लोष करतंय आणि मार्या, तू या बाकावर एकटी बसून रडतेयस."

"अगाई गं!" कुणीतरी म्हणालं. बदाम सुरू झाले.

रेइनो पुढे वाकला. डोळे बारीक करून बघितलं.

"हे बाक माझं आहे," तो म्हणाला. "ती गाठ बघ लाकडातली. तिच्यावर माझी करवत अडकली होती. अहो मास्टर, हे बाक मी यंदाच्या जूनमध्ये ठोकलंय. बारा वर्षांपूर्वी इथे बटाटे लावायचो आम्ही!"

मग मास्टर गोड हसले. "लाकूड नवं असेल, बाळा. दुःख जुनं आहे."

"बरोबर! मास्टर खोलातलं बघतात!" ग्रेगरी ओरडला. मार्याने कपाळावर हात मारून घेतला.

"खोलातलं नाही, मागचं!" ती कडाडली. "अहो, प्रत्येक फोटोच्या फाइलीत कॅमेरा तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. फोनने काढलात तर जागासुद्धा. हे तेवढंच वाचतात. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडून मूळपदावर गेलंय, कॅमेरा बनला त्या वर्षीची एक जानेवारी, रात्रीचे बारा. हेल्मीची बातमी गावच्या पेपरात होती, इंटरनेटवर कुणालाही सापडते. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आपापला फोटो उघडा, त्याची माहिती वाचा, स्वतः..."

पडदा काळा झाला. मास्टरांनी तिला बाहेर काढलं होतं.

"ऐकलं तरी का कुणी?" मार्या चडफडली. "पुढच्या रविवारी परत जमतील बघ, बदाम घेऊन!"

रेइनोने गटात टाकलेला ग्रेगरीचा साखळीचा फोटो उघडला, माहितीवर बोट दाबलं. ऑक्टोबर. पहाट. नकाशावर सरोवराचा काठ. मग स्वतःच्या फोटोची माहिती उघडली, तर मास्टरांनी सांगितलेलाच दिवस, तीच वेळ.

"म्हणजे त्याने माझा फोटो बघितलाच नव्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, एकाने तरी बघितला."

हेल्मीचे फोटो त्याने पुन्हा आपापल्या जागी ठेवले. मग धक्क्याचा फोटो उघडून संगणक बहिणीकडे वळवला. "तू सांग. कसा आलाय?"

मार्याने चष्मा लावला. नीट बघितलं, घाई केली नाही.

"वाकडा," ती म्हणाली. "सगळं सरोवर डावीकडे सांडतंय, रेइनो. आणि तो कचऱ्याचा डबा कशाला घेतलास मधे? पण धुकं छान धरलंयस."

"एवढंच विचारत होतो गं मी," रेइनो म्हणाला आणि सरोवर सरळ करायला बसला.