गंगीचं आंबट

झरीच्या पाड्यावर गंगीच्या आंबटाचं नाव होऊन दोनच महिने झाले होते, आणि आता ते नाव कुणी काढलं तरी तिला नकोसं व्हायचं.

भात निघाल्यावर विहिरीलगतच्या तुकड्यात तिने मिरची लावली होती. रोपं वाढेनात, दुपार झाली की माना टाकायची. एक उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी, मणी ओवल्यासारख्या. शेतकी कॉलेजात शिकणारी प्राजक्ता तेव्हा अभ्यासासाठी पाड्यापाड्यातून माती गोळा करत होती. तिने पाहिल्याबरोबर ओळखलं. "काकी, हे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे, मुळात शिरून बसतात."

गंगीचा नवरा लडक्या ताडी काढायचा. खपली नाही ती घरात आंबून कडक झाली होती; तिलाच पाड्यावर आंबट म्हणत. गंगीने तिच्यात पाणी घालून एका ओळीला ओतली, आणि ती ओळ पंधरवड्यात सावरली. प्राजक्ताने मुळं भिजवलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिला दाखवला. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे वळवळत होते. आंबटाचा थेंब पडला तसे ते संथ झाले, ताठ झाले, मग हललेच नाहीत.

"आंबट त्यांना सोसत नाही," प्राजक्ता म्हणाली.

गंगीने हे विहिरीवर सांगितलं. मग काय, बायका आंबट मागायला दारात येऊ लागल्या. प्राजक्ताच्या सरांनी मंडप घालून शेतकरी मेळावा ठरवला. तिथे बोलायचं गंगीने.

मेळाव्याच्या आदल्या सकाळी तिने आपल्या त्याच ओळीतलं एक रोप सहज उपटलं. मुळांवर पुन्हा गाठी होत्या. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. तेच. तिने रोपं पदराखाली धरली आणि कुणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघितलं. आपल्याच शेतात आपण चोरासारखे उभे आहोत, हे तिचं तिलाच कळलं.

प्राजक्ता आली तेव्हा गंगीने रोपं तिच्यापुढे टाकली. प्राजक्ताला आश्चर्य वाटलं नाही.

"आंबट मातीत थोडेच दिवस टिकतं, काकी. मग मातीतले बारीक जीवच ते संपवतात. मोकळे फिरणारे किडे मेले, पण अंडी मुळावरच्या चिकट गोळ्यात सुखरूप राहिली. ती आता फुटली. आणि मातीचं भलं करणारे किडे असतात, तेही आंबटाने कमी झाले."

"मग आधी का नाही बोललीस?"

"माझीच मोजणी परवा संपली. सरांना सांगितलं. ते म्हणाले, पाहुणे बोलावलेत, मेळावा होऊन जाऊ दे."

गंगीने रोपं उचलून पिशवीत भरली. पोर तिच्याहून मोठ्या फासात होती, तिचे मार्क सरांच्याच हातात.

संध्याकाळी शेजारची निर्मला भेटली. गंगीकडून नेलेलं आंबट तिने पाणी न घालताच ओतलं होतं. वांग्याची रोपं चार दिवसांत जळून गेली. "माझंच माप चुकलं, वहिनी," निर्मला म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे, माझ्या नाही." गंगीला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मंडपात ती माइकसमोर उभी राहिली. पिशवीतून गाठींची रोपं काढून वर धरली.

"हे माझ्या शेतातलं. किडे परत आले. उभ्या पिकाला आंबट ओतू नका. निर्मलाची वांगी जळाली, ते मी पुरतं सांगितलं नाही म्हणून."

मग सरांनी हसत माइक घेतला. "गंगीताई फार साध्या आहेत. स्वतःच्या शोधाचं श्रेयही घेत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंगी हातात रोपं धरून तशीच उभी राहिली. प्राजक्ता मान खाली घालून बसली होती.

त्या आठवड्यात तलासरीहून, पार चिंचणीकडूनही माणसं आली. गंगी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. ओतायचं तर रिकाम्या वावरात ओता, बरेच दिवस थांबा, मग लावा, आणि एवढं करूनही किडे परत येतील. माणसं मान डोलवायची आणि विचारायची, "ते ठीक, पण पाण्यात किती झाकणं?" शेवटी तिने देणंच बंद केलं. तर पाड्यावर बोलणं सुरू झालं, मंडपात मिरवली आणि आता हात आखडला. दिलं तरी पाप, नाही दिलं तरी पाप.

पंधरा दिवसांनी गंगी निर्मलाच्या वावरात गेली. निर्मला जळकी वांगी उपटत होती. गंगीही शेजारी बसून उपटू लागली.

"म्हणजे माझं माप चुकलं नव्हतं," निर्मला म्हणाली.

"चुकलं होतं. पण माप मी सांगायला हवं होतं."

निर्मलाने मुळाची माती झटकली. "मग हे मंडपात माझं नाव घेऊन कशाला सांगितलंत? आता सगळे मलाच हसतात."

गंगी पुढच्या रोपाकडे सरकली.