भिंतीवरची काच

वीतभर लांब, दोन बोटं रुंद काच.

उसाच्या फडात, बांधाला पुरलेलं मूल. नाव ठेवायचं राहिलं.

मिलो. परदेशातला लाल जोंधळा, शिजता शिजत नाही.

सरकारी कागदावरचा एक रकाना : भिंती.

एकोणीसशे बहात्तर, मिरजगाव. आबासाहेबांचं शेंगांचं गोदाम दोन साल ओस पडलं होतं. शेंगच पिकली नव्हती. आता दुष्काळाचं धान्य ठेवायला सरकारला जागा हवी होती. गोदाम पास झालं तर राखणदारी राहीबाईच्या नवऱ्याला, कानिफनाथला. नाहीतर पुन्हा कोयता, पुन्हा फड. गेल्या साली मूल फडातच गेलेलं. आता राहीबाईला पाचवा लागला होता.

ओव्हरसियर नगरहून आले. काठीनं फरशी ठोकली, पत्रे पाहिले, कडी ओढली. मागच्या भिंतीत बोट जाईल एवढी चीर होती. तिच्यावर त्यांनी आडवी काच धरली, दोन्ही टोकं चुन्यानं चिकटवली, शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली.

"काच फुटली तर भिंत हलतेय. शाबूत राहिली तर चीर जुनी. आठ दिवसांनी येतो. हात लावायचा नाही."

उरलेली एक काच ते कोनाड्यात विसरले.

"सायबानं भिंतीला मलमपट्टी केली व्हय गं?" शेजारची लंकाबाई हसली. "आमच्या धन्याच्या टकुऱ्यालाबी एक लाव म्हनावं."

सातव्या दिवशी काच मधोमध तडकली. आवाजसुद्धा झाला नाही. राहीबाईनं कुणाला सांगितलं नाही. तुकडे खरवडले, चुना कालवला, कोनाड्यातली काच त्याच जागी बसवली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा धान्याचे ट्रक बाहेर उभेच होते. त्यांनी काच पाहिली, मग चुन्याला बोट लावलं.

"बाई, आठ दिवसांचा चुना ओला कसा?"

"पानी मारलं, सायेब. म्हनलं पक्का हुईल."

साहेबांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. ट्रकांकडे पाहिलं. बोट पँटला पुसलं आणि रकान्यात लिहिलं : ठीक.

पोती भिंतीला टेकवून पार पत्र्यापर्यंत गेली. फाटकी पोती शिवायला बाई हवी होती; राहीबाईनं लंकाबाईचं नाव सांगितलं. लंकाबाई भिंतीमागं बाहेर, सावलीला दाभण घेऊन बसायची. पोती रचल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी त्यांच्या रेट्यानं भिंत बाहेर कोसळली.

गावानं दगड उचलले, मग ओंजळीओंजळीनं लाल दाणे सारले. आधी पाय हाती लागला.

"सायबानं बघितली हुती ना गं भिंत?" कानिफनाथनं विचारलं.

"व्हय," राहीबाई म्हणाली. "बघितली हुती."

राहीबाईनं नाव सांगण्याआधी महिनाभर लंकाबाई सडकेवर खडी फोडायला जात होती.