शेठ, निघू का?

पासष्टच्या लढाईत आमचा रणगाडा पंजाबातल्या उसात घुसला, तेव्हा इंजिनाच्या धगीनं उसाचा गूळ झाला आणि अख्खी पलटण तो पट्ट्यांवरनं खरवडून खात होती. हे मी सुप्याच्या पारावर इतक्यांदा सांगितलंय, की आता मलाच त्याची चव आठवते. छातीवरचं पदक त्या गुळाबद्दल मिळालं, असंही एका मास्तराला पटवलं होतं.

पदक खरं एकाहत्तरचं. दोन्ही लढायांत आमचा रणगाडा चालवायचा भिंगारचा हैदर, टांगेवाल्याचा पोरगा. तो पुढं खाली, मी वर तोफेपाशी. लढताना त्याचं तोंड दिसायचं नाही, कानातल्या फोनमधून नुसता आवाज. बाहेर गोळे पडत असले तरी विचारणार, "शेठ, निघू का?" जसं काय मी स्टेशनवरचं गिऱ्हाईक! मी म्हणायचो, "हाक."

एकाहत्तरला त्यानं आम्हाला सुरुंगांतून पार नेलं. पलीकडं पोचलो आणि पुढच्या बाजूला गोळा बसला. मला पदक मिळालं, हैदर तिथंच राहिला. ह्यात मला एक शब्दही वाढवता येत नाही.

दर डिसेंबरात मी त्याच्या बायकोकडं, शरिफाभाभीकडं जातो. चहा होतो, मी गुळाची गोष्ट काढतो, ती हसते. यंदा हसली नाही.

"छगनदादा, गूळ ऱ्हाऊ द्या. त्यांचा आवाज कसा हुता?"

"म्हंजी?"

"फोटू हाय भिंतीवर. आवाज गेला माज्या कानातनं. एका सुट्टीचा संसार आमचा. लई आठवून बघते, येतच न्हाई."

उभ्या तालुक्याला थापा मारणारा मी! घसा खाकरून झोकात म्हणालो, "शेठ, निघू का!"

"छ्या! बैलं हाकताय व्हय?"

मग नाकातून म्हणून पाहिलं.

"हे तर आमचे सासरे झाले!"

तिसऱ्यांदा आणखी जोरात म्हणालो.

"असं वरडत नव्हते ते, दादा. हळू बोलायचे. शेवटाला हसल्यागत..." बोलता बोलता ती थांबली. कपातला चहा तसाच. मग अगदी हळू म्हणाली, "शेठ... निघू का?"

डावा कान तोफांनी केव्हाच नेलाय. मी उजवा पुढं केला. "भाभी, परत एकदा."

ती परत म्हणाली.

"जरा थांब, गड्या," मी म्हणालो. "जरा थांब."