कवचाची आतली बाजू

लाकडी हातोड्याचा दांडा लंबूच्या तोंडावर बसला तेव्हा काडकन आवाज झाला. मिस्त्रीला क्षणभर वाटलं, दांडाच मोडला. मोडला होता तो दात. लंबूनं तोंडावर हात दाबला, बोटांच्या फटींतून रक्त मनगटाकडे उतरू लागलं, आणि दोन पावलं मागं सरून तो आपल्याच गाडीवर आदळला.

"उचल हात," मिस्त्री म्हणाला. "उचल की!"

लंबूनं मनात आणलं असतं तर एका हातानं मिस्त्रीला भिंतीला लावलं असतं. पण त्यानं हात उचलला नाही. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला, तिसरा बरगडीत. चौथ्याच्या आत वहिनीनं मागून येऊन मिस्त्रीची कंबर धरली. थोरला भाऊ गेल्यापासून वर्कशॉपमधलं रंगकाम वहिनीच बघायची. रंगाचा मास्क अजून तिच्या गळ्यात लोंबत होता.

"सोडा, भावजी! मरेल तो! घरचं एक दवाखान्यात पडलंय तेवढं पुरे नाही झालं?"

मिस्त्री धापा टाकत थांबला. लंबू वाकून थुंकला. लाल थुंकीत पांढरा तुकडा होता.

"काका, गाडी ठेवून जातो," तो म्हणाला. ओठ सुजायला लागल्यानं शब्द फुगून बाहेर येत होते. "दुसऱ्या कुणाकडे न्यायची नाही मला."

"माझ्या पोराचा पाय घेतलास आणि गाडी माझ्याच दारात आणतोस? लाज नाही वाटत?"

"तुम्ही उघडून बघा. मी काही बोलणार नाही."

एवढं म्हणून तो बाहेर पडला. शटरपासून रस्त्यापर्यंत थेंब पडत गेले. वहिनीनं त्यावर पाणी ओतलं आणि खराट्यानं ते गटारात लोटलं.

लंबू आणि मिस्त्रीचा मुलगा शाळेपासूनचे दोस्त. मिस्त्रीच्याच घरी जेवून, मिस्त्रीच्याच ओट्यावर बसून दोघांनी गाड्यांची स्वप्नं पाहिली होती. दोघांच्या गाड्याही एकाच जातीच्या, दोन माणसांपुरत्या, लोखंड कमी आणि फायबर जास्त अशा. वरचं फायबरचं कवच इतकं हलकं, की पुढचा अख्खा भाग दोघांनी उचलून भिंतीला टेकवता यायचा. लंबूची पांढरी, मुलाची हिरवी. शर्यतीत पहिला लंबू यायचा, दुसरा मुलगा. गेली चार वर्षं असंच चाललं होतं. मुलगा त्यावर हसायचा, आणि घरी आल्यावर कुणाशीही न बोलता झोपायचा.

एकोणीस दिवसांपूर्वी, शेवटून दुसऱ्या फेरीत, लांब वळणावर दोन्ही गाड्या धुळीत शिरल्या आणि धुळीतून हिरवी गाडी हवेत उडालेली लोकांना दिसली. ती उलटी होऊन सिमेंटच्या भिंतीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले. दाराची चौकट आत घुसली. डावा पाय गुडघ्याखाली तिथंच गेला. डॉक्टरांनी फक्त उरलेलं नीट कापलं. पांढरी गाडी गरगरत जाऊन टायरांच्या ढिगावर आधी मागून आणि मग पुढून धडकली. लंबूच्या अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला होता, "लंबू आडवा आला."

मिस्त्रीनं त्याच दिवशी शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या समितीकडे तक्रार दिली. समितीनं लंबूला विचारलं, तर तो म्हणाला, "गाड्या एकमेकींना लागल्या." आणखी काही सांगेना. मग दोष कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. लंबूवर कायमची बंदी येणार हे ठरल्यातच जमा होतं. फक्त सही बाकी होती.

आणि आता तीच गाडी वर्कशॉपच्या मधोमध उभी होती. मिस्त्रीनं लाकडी हातोडा फेकून दिला आणि लोखंडी घण उचलला.

पहिला घाव बॉनेटवर. फायबर लोखंडासारखं चेपत नाही, ते फाटतं. हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि पांढऱ्या रंगाच्या कपच्या उडाल्या. मग दार, मग दिवा. एक कपची त्याच्या भुवईत घुसली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी तो थांबला नाही. घण पडत होता तसा प्रत्येक घावाबरोबर त्याच्या घशातून एक आवाज निघत होता, आणि तो शिव्यांचाही नव्हता, रडण्याचाही नव्हता.

वहिनी हाताची घडी घालून दारात उभी होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आरसे राहिले."

त्यानं आरसेही फोडले.

मागच्या बाजूला टायरांच्या ढिगाचं काळं रबर घासून बसलं होतं. त्याखाली काय होतं ते धड दिसतही नव्हतं. मिस्त्रीनं पहार घातली, अंगाचा भार टाकला, बोल्टांसकट मागचं कवच उपटलं आणि भिरकावून दिलं. ते एकदा उलटं फिरलं आणि उताण्या पडलेल्या कासवासारखं पाठीवर, आतली बाजू वर करून, जमिनीवर डोलत राहिलं.

मिस्त्रीनं घण वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

फायबरला बाहेरून मार बसला, की आतल्या बाजूला पांढरी चांदणी उमटते. मधोमध मार, आणि तिथून चहूकडे गेलेल्या बारीक भेगा. बाहेरून पुट्टी भरा, रंग मारा, रबर घासा. आतली चांदणी जात नाही. मिस्त्रीनं पस्तीस वर्षं हेच बघत पोट भरलं होतं. तो घण टेकवून उकिडवा बसला. टायरांच्या ढिगाचा मार वेगळा होता, पसरट, वरच्या अंगाला. त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यावर एक चांदणी होती, लहान, पण तिथली चाकावरची कड तुटून गेलेली. तिच्या डावीकडे हातभर अंतरावर दुसरी, आणि ती आरपार फाटलेली. दोन्ही मागून, सरळ. आडव्या आलेल्या गाडीला मार बसतो तो बगलेत, आणि ओरखडा लांब जातो. इथं ओरखडा नव्हताच.

पहिल्या मारानं चाकावरचं कवच तुटून चाक उघडं पडलं होतं. दुसऱ्या वेळी मागची गाडी त्या फिरत्या चाकावर चढली, आणि चाकानं तिला उचलून फेकलं.

दुसऱ्या भेगेत काहीतरी अडकलं होतं. त्यानं पक्कडीनं ओढून काढलं. नखाएवढा हिरवा तुकडा.

वहिनीनं तो त्याच्या तळहातावरून उचलला, उजेडात धरला, थुंकी लावून पुसला.

"माझाच रंग आहे," ती हळूच म्हणाली. "तीन वेळा मिसळला होता त्याच्यासाठी. पसंतच पडत नव्हता."

मिस्त्रीच्या भुवईतून रक्त ठिबकत होतं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला तो दवाखान्यात गेला. मुलाची आई डबा धुवायला नळावर गेली होती. मुलगा उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला गुडघ्यापाशीच सपाट झाली होती.

"कपाळाला काय झालं, बाबा?"

"कपची लागली. लंबूची गाडी आलीय माझ्याकडे."

मुलानं पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. "का घेतलीत?"

"मागून लागलंय," मिस्त्री म्हणाला. "दोनदा."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मुलानं चादरीची कड ओढून सारखी केली.

"पहिल्यांदा चुकून लागली," मुलगा म्हणाला.

"आणि दुसऱ्यांदा?"

"तो पुढं होता ना."

मिस्त्रीचा हात कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. थप्पड इतकी जोरात बसली, की मुलाचं डोकं खाटेच्या लोखंडी कडेवर आपटलं आणि सुईची नळी निसटून चादरीवर रक्ताची रेघ उमटली. म्हातारा खोकायचा विसरला. मिस्त्री स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. त्याच हातानं मग त्यानं नळी उचलली, पण ती कुठं लावायची ते त्याला येत नव्हतं.

मुलगा रडला नाही. त्यानं गाल चोळला आणि अगदी खाली आवाजात म्हणाला, "समितीनं अजून गाडी उघडून बघितलेली नाही. बाबा, नीट करून टाका ती. तुमच्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही."

नर्स ओरडतच आली. मिस्त्रीला तिनं बाहेर काढलं. नळावरून आलेली बायको विचारत होती, "काय झालं हो? काय बोलला तो?" तो तिच्या अंगावरून तसाच जिना उतरला.

वर्कशॉपमध्ये आल्यावर त्यानं कवच लाकडी घोड्यांवर उलटं चढवलं. त्या ओढाताणीत भुवईवरची खपली निघून पुन्हा रक्त आलं. ग्राइंडर लावला आणि पहिल्या चांदणीच्या कडेपर्यंत आणला. बारीक पांढरी धूळ उडाली. मग ग्राइंडर बंद केला.

"रेझिन कर," तो वहिनीला म्हणाला.

"कुठं लावणार?"

"कर म्हटलं ना."

वहिनीनं डब्यात जाळी चिकटवायचं रेझिन ओतलं, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब मोजून टाकले आणि काडीनं ढवळलं. फायबरच्या जाळीचे दोन तुकडे कापून शेजारी ठेवले. ब्रश त्याच्या हातात दिला.

"वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

तो ब्रश घेऊन कवचापाशी बसला. दोन थर जाळी, एक थर पुट्टी, घासकाम, वर पांढरा रंग. उद्या दुपारपर्यंत आतली बाजूही कोऱ्या कागदासारखी झाली असती. लंबू बोलणार नव्हता. दात पाडला तरी बोलला नव्हता. वहिनीचं तोंड तर कुणी उघडू शकलं नसतं.

डब्यातलं रेझिन आधी मधासारखं झालं. वहिनी बघत होती. मग ते काडीला ओढायला लागलं. तिनं एकदा "भावजी" म्हणून हाक मारली. डबा तापला, त्यातून उग्र वासाचा धूर निघाला, आणि काडी मधोमध उभीच्या उभी रुतून बसली.

मिस्त्रीनं कोरडा ब्रश खाली ठेवला. हात पुसले आणि क्लबचा नंबर लावला.

"समितीच्या साहेबांना पाठवा," तो म्हणाला. "पांढरी गाडी माझ्याकडे उघडून ठेवलीय. आजच येऊ दे त्यांना... नाही, दुरुस्तीला हात लावलेला नाही. पुढचं जे फुटलंय ते मी फोडलंय, ते वेगळं सांगतो. मागचं बघा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"तक्रार माझीच," मिस्त्री म्हणाला. "हो, त्याचा बापच बोलतोय."

फोन ठेवून त्यानं घट्ट झालेल्या रेझिनचा डबा बाहेर नेऊन टाकला. मग वहिनीकडे न बघता त्यानं विचारलं, "लंबूचं घर, ते पाण्याच्या टाकीमागचं, तेच ना अजून?"

"तेच," वहिनी म्हणाली. "पण आधी कपाळ धुवा. पोरगं घाबरेल."