गावी गेलेल्यांच्या खुर्च्या

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. हसू नका, मित्रांनो. छत्री बोलते, पंखा बोलतो, फाटकं पुस्तक तर नेहमीच रडतं, आणि ते सगळं तुम्ही निमूट ऐकून घेता. मग माझंही ऐका. मला चाकं नाहीत, मूठ नाही, गंजही चढत नाही. मी म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांच्या नुसत्या ओळी. पण त्या लताने स्वतःच्या हाताने, एकेक करून लिहिल्या आहेत आणि याचा मला अजूनही गर्व आहे.

माझा जन्म अंधेरीला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कचेरीत झाला. आमच्या कंपनीची मुलुंड, घाटकोपर, बोरिवली अशी डायलिसिसची केंद्रं आहेत. ज्यांची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली आहेत अशी माणसं तिथे एक दिवसाआड येतात, खुर्चीत बसतात आणि मशीन त्यांचं रक्त स्वच्छ करतं. खुर्च्या थोड्या, माणसं फार. रोज सगळ्या केंद्रांची हजेरी वाचायची आणि पुढे कोणत्या खुर्चीवर कोण बसणार याची यादी करायची, हे माझं काम.

लता तेव्हा कंपनीत नवीन होती. पहिल्याच गणपतीत तिच्या लक्षात आलं की कोकणातली माणसं काही रद्द करत नाहीत, अर्जही देत नाहीत. काउंटरवर येतात आणि म्हणतात, "गावी चाललो." बस्स. तिकडच्या एखाद्या केंद्रात सोय लावून जातात आणि इकडची खुर्ची आपलीच आहे असं धरून चालतात. काउंटरवरच्या मुली ते शेऱ्यात लिहितात, पण प्रत्येकीची तऱ्हा निराळी. कोणी 'गणपती' लिहिते, कोणी 'मुलूख', कोणी नुसतंच 'येतील'. लताने ते सगळं मला शिकवलं. पुढे शिमगा आला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी माणसं तर तिच्या स्वतःच्या घरात होती, म्हणून 'नागपूर'ही आलं. असं कोणी गेलं की मी त्याच्या खुर्चीपुढे 'राखीव' लिहायचो. "लताचा प्रोग्रॅम म्हणजे झकास," असं साहेब म्हणायचे आणि मी फुगायचो. कचेरीतला संगणक गरम होतो तो माझ्यामुळेच, अशी माझी समजूत होती.

मग कौतुक आटलं. माझ्यात जरा काही बदलायचं तर लताच लागे, आणि ती रजेवर गेली की सगळे हात जोडून बसत. कंपनीने नवं साधन आणलं आणि ते काम कचेरीतल्याच चैतन्यकडे दिलं. पडद्यावर चौकोन ठेवायचे, बाणांनी जोडायचे. इकडून हजेरी आत, तिकडून यादी बाहेर. खोटं कशाला बोलू, दिसायला देखणं होतं. लता मात्र दुखावली. "चित्रंच काढायचीत ना, काढा मग," म्हणाली आणि चैतन्यने बोलावलेल्या बैठकीला गेलीच नाही.

गणपतीच्या आधी नवी यादी सुरू झाली. खबरदारी म्हणून मला शेजारी चालू ठेवलं होतं, पण माझी यादी उघडून बघत कोणी नव्हतं. मुलुंडच्या केंद्रावर येणारे काशीराम तेव्हा पत्नी जानकीसह कणकवलीकडे आपल्या गावी गेले होते. आठवडा उलटला आणि नव्या यादीने त्यांची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला देऊन टाकली. माझ्या यादीत त्यांचं नाव होतं, 'राखीव' या शब्दासकट. मित्रांनो, फार जीव तुटला. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, दम लागतो. मला सगळं दिसत होतं आणि सांगता काही येत नव्हतं.

शुक्रवारी मुलुंडच्या काउंटरवरून चंपाचा फोन आला. लताने स्पीकर लावला.

"लताताई, वाट लागली! काशीरामकाकांच्या खुर्चीवर दुसऱ्यांचं नाव आलंय. जानकीकाकू गावावरून विचारतायत, 'आमी परवा निघतंव, सोमवारी ह्येंची खुर्ची आसा मां?' काय सांगू त्यांना?"

लताने चैतन्यला हाक मारली. त्याने यादी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"पण ते जाताना काही बोलले नाहीत ना?"

"बोलले ना. चंपाने शेऱ्यात लिहिलंय."

"शेरे मी घेतलेच नाहीत गं. त्यात कोणीही काहीही लिहितं यार."

"म्हणून तर मी एवढ्या ओळी लिहिल्या! विचारायचंस ना मला."

"विचारायलाच तर बोलावलं होतं. तू आलीस का?"

लताने खुर्ची संगणकाकडे वळवली. मग तिने किती दिवसांनी माझी यादी उघडली. काशीरामांची खुर्ची मिळालेला माणूसही आजारीच, त्याला उठवणार कसं? पण घाटकोपरचे एक आजोबा पुढच्या बुधवारपर्यंत गावीच राहणार होते, तसा शेरा होता. नवी यादी सोमवारी त्यांची वाट पाहत होती. मला ठाऊक होतं, ते यायचे नव्हते. सोमवारची ती खुर्ची काशीरामांना दिली. पुढे त्यांना मुलुंडला जागा मिळाली, पण सकाळची नव्हे, दुपारची. जानकीकाकू त्याबद्दल चंपाला बरंच बोलल्या, आणि योग्यच बोलल्या.

त्याच दिवशी लता चैतन्यच्या शेजारी जाऊन बसली. ती माझी एकेक ओळ वाचे, तो विचारी, "हे कशाला?" आणि मग पडद्यावर एक चौकोन वाढे. काही दिवसांनी दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या. लताने मला बंद केलं. मला वाईट वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण लगेच उठून ती चहाला गेली.

आता मी एका जुन्या फोल्डरमध्ये असतो. ऐकतो की नवरात्रात चंपाने शेऱ्यांच्या चौकोनात 'देवीला' हा शब्द स्वतःच घातला, मरोळला फोनसुद्धा न करता. माझ्या उभ्या आयुष्यात लताखेरीज कोणाला मला हात लावता आला नाही. थोडा जळलो, पण बरंही वाटलं.

मित्रांनो, जुनं काढून नवं आणायला माझी ना नाही. काढण्याआधी ते ज्याने केलं त्याच्याजवळ बसा, आणि विचारत राहा. आणि तुम्हीच ते केलं असेल, तर बोलावल्यावर जा. रुसायला पुढे खूप वेळ मिळेल. तुम्ही रुसून बसता तेव्हा कोणीतरी खुर्चीच्या भरवशावर गावाहून निघालेलं असतं.